आज पाणी जरा कमीच द्या

आई, तू गेलीस त्याला आता चौदा वर्षं झाली. तू न पाहिलेली तुझी नात दीड वर्षाची आहे, आणि मागच्या महिन्यात तिचं पोट बिघडलं ते थांबेचना. पहिले दोन दिवस उलट्या, मग नुसते जुलाब, दिवसातून सात-आठ वेळा, पाण्यासारखे. डॉक्टरांनी मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहायला सांगितलं, झिंकचं औषध दिलं, खाणं बंद करू नका म्हणाले. सगळं केलं. पाचव्या दिवशी आवरल्यासारखं वाटलं, सहाव्या दिवशी पुन्हा सुरू. ढुंगणाची कातडी लालभडक झाली होती, लंगोट बदलायला घेतला की ती आधीच रडायला लागायची. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

नवव्या दिवशी मला शाळेत बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी होती. रजा मागता आली असती, मी मागितली नाही. हे कामावर गेलेले, घरी फक्त सासूबाई. त्या दुधनीकडच्या, कानडी बोलता बोलता मराठी बोलतात, नातीला पुट्टी म्हणतात. मी दारात चप्पल घालत असताना त्यांनी विचारलं, "पाणी देत राहू का ग? आत गेलं की लगेच बाहेर येतंय की." मी घाईत होते. आणि मलाही तेच वाटत होतं, पोटाला जरा विसावा मिळाला तर कातडी तरी वाळेल. "आज जरा कमीच द्या," मी म्हणाले आणि रिक्षात बसले.

परीक्षेच्या खोलीवर जाताना फोन ऑफिसात जमा करावा लागतो. अडीचला तो हातात आला तेव्हा सासूबाईंचे सहा फोन येऊन गेले होते. नवी पेठेच्या गर्दीत रिक्षा अडकली आहे आणि मी फोनवर त्यांना विचारते आहे, तिनं शू केली का? सकाळपासून नाही म्हणतात. घरी पोचले तर पोर त्यांच्या खांद्यावर, डोळे आत गेलेले, ओठ कोरडे. मला बघून रडायला लागली, पण डोळ्यांत टिपूस नाही. तशीच उचलली आणि दवाखाना गाठला. नर्सला हाताची शीर सापडत नव्हती, आणि पोरगी हात ओढूनसुद्धा घेत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, पाणी बंद केलं होतं का? सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. मी म्हणाले, "मी शाळेत होते. घरी सासूबाई होत्या." त्या पदराचं टोक हातात धरून खाली बघत राहिल्या.

तिथं मला तू आठवलीस. मी दहा वर्षांची, धाकट्याला ढाळ लागलेले, आणि तुला गणवेश शिवायच्या कारखान्यात जायचंय. पेजेचं भांडं माझ्यापुढं ठेवून तू म्हणालीस, चमचा चमचा घाल, इसरू नगं. मी दोनदा घातली. मग तो झोपला आणि मी गल्लीत खेळायला गेले. संध्याकाळी तू आलीस तेव्हा त्याची मान धरत नव्हती. तू मला थोबाडीत मारलीस, आणि दवाखान्यात सगळ्यांदेखत सांगितलंस, "हिच्याकडं सोपवलं हुतं, हिनं पाजलंच न्हाय." तो वाचला, आज दोन मुलांचा बाप आहे. दुसऱ्या दिवशी तू कामावर गेली नाहीस. मला पुढ्यात बसवून केस विंचरलेस, गुंता निघाला तरी विंचरत राहिलीस. तू काहीतरी म्हणशील म्हणून मी वाट बघत होते. तू म्हणाली नाहीस, आणि ते मी वर्षानुवर्षं मनात धरून बसले. आजारी लेकरू दहा वर्षांच्या पोरीवर टाकून जाताना तुझं काय झालं असेल, हे त्या दिवशी दवाखान्यात उभी राहीपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सलाइन चढलं. पाचच्या सुमाराला तिनं माझ्या मांडीवरच शू केली, साडी भिजली, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं. आजारामुळं वरचं दूध पचत नाहीये, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवस ते बंद ठेवा, दहीभात, केळं चालेल, पण पाणी काही झालं तरी थांबवायचं नाही. चार दिवसांनी जुलाब थांबले. आता ती घरभर फिरते, भांडी ओढते.

सासूबाई मात्र बिचकल्यात. तिला घोटभर पाणी पाजायचं तरी वाटी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहतात, "देऊ का?" म्हणून विचारतात. मी "द्या की" म्हणते, आणि तेवढंच म्हणते. यांनीसुद्धा त्यांना दोन शब्द सुनावले, तेव्हाही मी गप्प होते.

हे कागद घडी घालून कपाटात ठेवून देईन. यातलं जे सांगायला हवं ते त्यांना सांगायला हवं, आणि त्या तर पलीकडच्याच खोलीत आहेत. तुला लिहिणं सोपं होतं, म्हणून तुला लिहिलं.