शुक्रवारच्या आगीत जाणारे घरचे बायबल

प्रति,
मा. मुख्य तपासनीस,
जप्त पुस्तकांचे कोठार, लंडन.

विषय : येत्या शुक्रवारी जाळावयाच्या पुस्तकांतून घरचे बायबल परत मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे याआधीचे दोन अर्ज. उत्तर नाही.

अर्जदार : डोरकस हॅलिवेल, कै. गिल्बर्ट हॅलिवेल, पुस्तकविक्रेते, यांची विधवा. 'तीन कबुतरे' या पाटीचे दुकान, सेंट पॉलच्या देवळाचे आवार.

महोदय,

१. अर्जदाराच्या दुकानात छापखान्यातून छापील पानांचे सुटे फर्मे येतात आणि गिऱ्हाईक सांगेल तशी बांधणी होते. पुठ्ठ्याला जाडी यावी म्हणून बांधणीवाला आत रद्दी चिकटवतो. सगळ्या लंडनात हेच चालते. रद्दी वाचत बसायला कुणाला वेळ नसतो.

२. सप्टेंबरअखेर एका गिऱ्हाइकाच्या कुत्र्याने प्रार्थनेच्या पुस्तकाचा पुठ्ठा कुरतडला. आत बिशपांची निंदा करणाऱ्या, बंदी घातलेल्या चोपड्याचे पान निघाले. लगेच आपल्या शिपायांनी दुकानातली बांधलेली एकशे बारा पुस्तके उचलली. त्यात घरचे बायबलही गेले, कारण गेल्याच वर्षी त्याच बांधणीवाल्याने ते नव्याने बांधले होते. ते विकाऊ नाही, असे अर्जदाराने ओरडून सांगितले. शिपाई म्हणाला, "म्हातारे, पुस्तकाच्या दुकानात न विकायचं पुस्तक असतं होय?"

३. रद्दीच्या त्याच गठ्ठ्यातला कागद समोरच्या भट्टीवालीने मासळीच्या पावांखाली घातला होता. ते पाव आपल्याच शिपायांनी खाल्ले. त्यांची पोटे कुणी फाडून पाहिली नाहीत.

४. पहिल्या अर्जात सगळी पुस्तके मागितली. दुसऱ्यात म्हटले, पुठ्ठे सोलून जाळा, आतला देवाचा शब्द परत द्या. आपले कारकून म्हणाले, "हुकूम पुस्तक जाळायचा आहे, बाई. सोलायचा नाही." पुढे म्हणाले, अर्जावर दुकानमालकाची सही लागेल. मालक दोन वर्षांपूर्वी वारले, असे सांगितले, तर म्हणाले, "मग तसं त्यांच्याकडून लेखी आणा." यावर अर्जदार काय बोलली ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

५. आता अर्जदार एकशे अकरा पुस्तकांवर पाणी सोडते. जाळा. प्रार्थनेची पुस्तके जाळल्याचे पाप कुणाच्या माथी, ते वर ठरेल. पण बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर अर्जदाराच्या सात मुलांचे जन्म आणि मृत्यू नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. सातांतले आज एकही नाही. तिघे महामारीच्या एका आठवड्यात गेले, तेव्हा आजार पसरू नये म्हणून घराला बाहेरून सरकारी कुलूप होते. देवळाच्या मृत्यूंच्या वहीत त्या वर्षी गल्लीचे नाव आणि नुसता आकडा आहे. नावे अर्जदाराला पाठ आहेत, तारखा नाहीत. गिल्बर्ट म्हणायचे, "लिहून ठेवलंय ना मी? मग तू कशाला डोक्यात वागवतेस?"

६. हाही अर्ज कुणी वाचणार नाही, असे आपल्या दारावरचा पहारेकरी सांगतो, आणि तो खोटे बोलणारा वाटत नाही. कोठाराच्या आवारात बायकांना मज्जाव आहे, म्हणून शुक्रवारी अर्जदार फाटकाबाहेर उभी राहील. पुस्तक मिळत नसेल तर ते पान मिळावे. पानही मिळत नसेल, तर आगीत टाकण्यापूर्वी कुणीतरी ते मोठ्याने वाचावे. सावकाश वाचावे. अर्जदाराला लिहायला वेळ लागतो.

आपल्या दारात तिसऱ्यांदा आलेली, नम्र,
डोरकस हॅलिवेल
मंगळवार, १४ नोव्हेंबर १६३७

सोबत : चांगला कोरा कागद, एक. वाचणाऱ्याला नक्कल करून द्यावीशी वाटली तर.