टाकीतल्या ‘हिमशिखरा’विषयी, भीत भीत

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचीचा नमस्कार.

आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस केल्याबद्दल आधीच क्षमा मागते. (फोनवर माझा आवाज घशातच राहतो आणि आपण ‘बरं, ठेवतो’ म्हणता, म्हणून हा मार्ग.) तिकडच्या नव्या कचेरीत आपले बस्तान बसले असेल आणि गुडघ्याने कुरकुर थांबवली असेल, अशी आशा करते. इकडे मी बरी आहे, मामी बऱ्या आहेत, आणि मासे अकराचे नऊ झाले आहेत. या शेवटच्या तपशिलाकडे मी सावकाश येते.

सहा महिन्यांच्या बदलीवर निघताना आपण पाणवनस्पतींची टाकी माझ्या हवाली केलीत. ‘ही पहिली येणारी मुलगी आहे, हिला निदान वाचता येतं,’ असे मामींच्या देखत म्हणालात आणि चौदा पानांची वही हातात ठेवलीत. ती मी तीनदा वाचली. पाण्याचा आकडा कोणता यापेक्षा तो रोज तोच राहणे महत्त्वाचे, हे दुसऱ्या पानावरचे वाक्य आपण लाल शाईने लिहिले आहे. (वर्षभरात ज्यांनी सोफ्याची जागा चार वेळा बदलली, त्यांच्याच लेखणीतून हे उतरावे, याचे मला मनापासून कौतुक वाटले.)

पहिल्या आठवड्यातच सामू, ज्याला आपण पीएच म्हणता, साडेसहावरून साडेसातकडे निघाला. पाण्याचा जडपणा मोजताना पूर्वी चौथ्या थेंबाला रंग बदलत असे, तो आता नवव्या थेंबाची वाट पाहू लागला. दर रविवारी मी शुद्धीकरण यंत्राचेच पाणी घालत होते, तरीही. सातव्या पानानुसार रोज सकाळी आम्लाचे थेंब टाकून आकडा खाली आणायचा, आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा वर जाऊन बसायचा. मासे बिचारे जागच्या जागी रोज दोनदा बिऱ्हाड बदलत होते. नवव्या दिवशी त्यांतल्या दोघांना हे झेपेनासे झाले.

मग मी नववे पान उघडले. ‘पाणी बिघडण्याची कारणे’ या शीर्षकाखाली आपण लिहिले आहे: एक, तुझी मामी. दोन, तुझ्या मामीचे साबणाचे हात. तीन, इतर. जन्मभर पुस्तकात असेल तेच उत्तर लिहून मी पहिली आले आहे. त्यामुळे रोजच्या नोंदीत ‘कारण क्र. १’ असे मी सलग एकोणीस दिवस लिहिले, सुवाच्य अक्षरात, समास सोडून, आणि दर आठवड्याला त्याची प्रत आपल्याकडे पाठवली. दुसरी प्रत पोहोचताच आपला फोन आला आणि मामींचे शिलाई मशीन टाकीच्या, म्हणजे पुढच्या, खोलीतून हलले. तेव्हापासून मामी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात पडदे शिवतात. कोणाला अंघोळीला जायचे असेल तर त्यांना स्टुलासकट उठावे लागते. त्या वाद घालायला गेल्या नाहीत. मासे आता तरी खूश आहेत ना, एवढेच त्यांनी मला विचारले.

आपल्या हुकमाने खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि जडपणा नवाचा अकरा. तरीही मी ‘कारण क्र. १’ लिहीतच राहिले. बंद दारातून मामींचे हात टाकीपर्यंत पोहोचत असतील तर ते रसायनशास्त्राच्या कक्षेत येत नाही, हे सुचायला मला आणखी चार दिवस लागले. (आपल्याला ते अजून सुचले नसल्यास संकोच नसावा.)

शेवटी गेल्या महिन्यात, मामी किटली घासत असताना, मी त्यांच्यासमोर रडले. किटलीतल्या पांढऱ्या थरावर त्यांनी व्हिनेगर ओतले होते आणि तो फसफसत होता.

“अगं, त्यांच्या त्या लाडक्या दगडावर दोन थेंब टाकून बघ की,” त्या म्हणाल्या. “का वहीत लिहिलेलं नाही म्हणून टाकायचं नाही?”

आपण ज्याला ‘हिमशिखर’ म्हणता आणि ज्याचे छायाचित्र आपल्या लग्नाच्या फोटोपेक्षा मोठ्या चौकटीत आहे, तोच तो, निघण्याच्या आठवड्यात आपण टाकीत बसवलेला दगड. ‘याचा पाण्याला काही म्हणजे काही त्रास नाही,’ असे माशांच्या दुकानदाराने आपल्याला छातीवर हात ठेवून सांगितले होते. व्हिनेगर पडताच हिमशिखर उघडलेल्या सोडावॉटरसारखे फसफसले. चुनखडी, मामा. वनस्पतींसाठी आपण नळीने जो कार्बन डायऑक्साइड सोडता, त्यानेच पाणी किंचित आम्लधर्मी होऊन दगड झिजत होता आणि जडपणा वाढवत होता. चुनखडीवर आम्लाची क्रिया, या प्रश्नाला दहावीत मला पैकीच्या पैकी गुण होते, आकृतीसह. आकृती अजून आठवते. दगड मात्र समोर असून दिसला नाही, कारण तो आपण ठेवला होता.

आता दगड बाहेर आहे आणि थेंबांच्या बाटल्या कपाटात. सामू सोळा दिवस साडेसहावरून हललेला नाही. नऊही मासे पुढे येऊन खातात, वनस्पतींना नवी पाने फुटत आहेत. आपल्याविषयीचा माझा आदरही स्थिर आहे. (तो थेंबांनी मोजायची सोय वहीत नाही.)

आपली आज्ञाधारक,
भाची

ता. क. नवव्या पानावरची पहिली दोन कारणे मी खोडली आणि ‘दगड, मामांचा’ असे लिहिले. लाल शाईने.

ता. क. दोन. शिलाई मशीन आज सकाळी मी आणि मामींनी उचलून पुढच्या खोलीत, खिडकीपाशी परत ठेवले. हे पत्र परवानगीसाठी नाही. कापताना कापड सरकू नये म्हणून मामी त्यावर हिमशिखर ठेवतात. तिथे ते उत्तम स्थिर राहते.

ता. क. तीन. एकोणीस वेळा खोटे लिहिल्याची माफी मी मामींकडे मागितली. त्या म्हणाल्या, “तू बघून लिहिलंस. वही कोणाची?” उत्तर मला येत होते, पण पहिल्यांदाच मी हात वर केला नाही. तो प्रश्न आपल्यासाठी राखून ठेवला आहे. पडद्यांची मापे घ्यायला मामी अकराला बाहेर पडतात. तोवर फोन त्यांच्या हाताशी असतो. पत्र ईमेलने धाडते आहे, म्हणजे पोहोचले नाही असे व्हायला नको.

पाठवले: मंगळवार, दिनांक ९ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटे.