गोष्टीतला मुराळी

सातारा,
९ नोव्हेंबर १९९४

चि. मयूरी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

दिवाळी अंक पोचला. मी सांगायची ती गोष्ट तू 'आजच्या मुलींसाठी' नव्याने लिहिलीस, छापूनही आली, कौतुक आहे. पण बाई, राजकन्येचा भाऊच कुठे गेला? सासरी छळ सोसणाऱ्या बहिणीला न्यायला तो भरल्या नद्या ओलांडून भाऊबीजेला येतो, तीच तर गोष्ट! तुझी राजकन्या पायांत चपला घालते, एकटीच माहेरच्या दारात पोचते, की संपली गोष्ट. शेजारच्या अंबूबाईंना वाचून दाखवली, तर शेवटी विचारतात, मग भाऊ कवा येतो? काय सांगू, कपाळ!

लोभ आहेच, वाढावा असं मात्र आज म्हणवत नाही.

पद्माआत्या

सांगली,
१४ नोव्हेंबर

ती. पद्माआत्यास मयूरीचा सा. न. वि. वि.

रागावलीस ना? तुझ्या मांडीवर ऐकलेली गोष्ट मोडायचा हेतू नव्हता गं. पण मुराळी न्यायला येईल म्हणून बाईने उंबऱ्यावर का झुरत बसावं? तिला पाय नाहीत? बाबांनी आजवर माझं काही वाचलं नव्हतं, हे मात्र दोनदा वाचलं. म्हणाले, भाऊ काढून टाकलास ते फार बरं केलंस.

राग गिळ आणि पूर्वीसारखीच माया ठेव.

तुझी लाडकी (अजून आहे ना?)
मयूरी

सातारा,
१८ नोव्हेंबर

चि. मयूरीस आशीर्वाद.

दादाला आवडली म्हणतेस. न आवडून सांगतो कुणाला!

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत मीही तुझ्या राजकन्येसारखी निघाले होते. सासूने पोळवलेला हात पदराखाली घेऊन, एकटी, एसटीने. भाऊबीजच होती. दादाने दारातच विचारलं, न्यायला कुणी आलं नव्हतं, मग आलीस कशी? ओवाळूनसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळच्या गाडीत परत बसवून दिलं. तेव्हापासून भाऊ नसलेल्या बायकांसारखी मी चंद्राला ओवाळते.

तुला गोष्ट सांगताना त्या भावाला मी घोड्यावर बसवायची, नदीत घालायची, काठावर धोतर पिळायला लावायची. तू हसायचीस. मला न्यायला येणारा तेवढा एकच होता. तोही तू घालवलास, याचं मला फार वाईट वाटलं.

राजकन्या आपल्या पायांनी जाऊ दे, माझी ना नाही. पण तिला दारात उभी करून गोष्ट संपवू नकोस. दार उघडल्यावर काय झालं, ते दादाला विचार आणि लिही.

लोभाचं त्यानंतर बघू.

आत्या