सोबतिणीचा नियम

नाना,

जाऊबाई आत गेल्यात आणि मला बाहेर बाकावर बसवलंय. मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्याचा हा व्हरांडा लांबलचक आहे, फरशी नुकतीच पुसलेली आहे, आणि सगळे लोक एकमेकांकडे न बघता बसलेत. पाच वर्षांपूर्वी इथेच जाऊबाईंचं डावं स्तन काढलं, मग महिनाभर किरणांचा शेक दिला. आज पाच वर्षांची तपासणी. एरवी येतो तसेच निवांत आलो असतो, पण गेला महिनाभर त्यांना खोकला आहे. हा आजार परतला तर पुष्कळदा छातीत परततो. मी नर्स आहे, मला ते माहीत आहे. त्यांना माहीत नाही. काल छातीचा फोटो काढला. आत्ता डॉक्टर तो उजेडावर धरून बघत असतील. मला स्वस्थ बसवेना, म्हणून पिशवीतून वही काढली. कुणाला लिहावं ते सुचेना. हात आपोआप तुमच्याकडे वळला.

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. तुमची मुलगी नर्स झाली हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात त्याच्या दोन वर्षांनी माझं कुंकू पुसलं गेलं. वाटूरला सासरी मी एका कोपऱ्यात बसून असायचे. औरंगाबादला नर्सेसचं शिक्षण मिळतं असं कुणीतरी सांगितलं तेव्हा घरातले सगळे मान खाली घालून बसले, कारण परक्या माणसांची अंगं पुसायची म्हणजे घराण्याची अब्रू गेली. तेव्हा चुलीपुढून जाऊबाई बोलल्या, "हितं बसून जलमभर भिताडं लिंपायचीत का तिनं? जाऊ द्या. शिकली तर आपल्याच घराला औषध पाजील." थोरल्या जावेपुढे कुणाचं चाललं नाही. आज त्या आत आहेत, म्हणून मला हे सगळं आठवतंय.

पण मला खरं तर तुमच्याशी दुसरंच बोलायचंय. अंबडकडचं आपलं घर. तुम्ही ओसरीवर बसता, बायका माजघरात, मध्ये जाड पडदा. पडद्याखालून हात येतो आणि तुम्ही नाडी बघता. त्यापुढचं काही बघायचं असलं की मला आत पाठवता. मी दहा वर्षांची. सूज गरम आहे का गार, दाबलं तर सरकते का, दुखतं का, हे आत जाऊन बघायचं आणि बाहेर येऊन सांगायचं. माझ्या सांगण्यावर तुम्ही औषध ठरवणार. त्यासाठी तुम्ही मला केवढं शिकवलंत! धोतराची चौपदरी घडी करायची आणि तिच्याखाली कधी तुरीचा दाणा, कधी चिंचोका, कधी कणकेची गोळी ठेवायची. "नखानं न्हाई बघायचं. बोटाच्या मऊ गादीनं बघ. अन् जल्दी करू नको." एकदा चुलीवरच्या भाकरीच्या वासाने मी घाई केली आणि खाली काहीच नाही म्हणून सांगितलं. तुम्ही घडी उलगडून दाणा दाखवलात. ओरडला नाहीत. "तुला भूक लागली म्हणून माणसाची गाठ नाहीशी होत नसती," एवढंच म्हणालात आणि मला जेवायला पाठवलंत. त्या दिवशी मला भाकरी गिळवली नाही. पुढे मात्र तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, "आमच्या पोरीच्या बोटांना डोळे हायेत." ते ऐकायला मी मुद्दाम दाराआड उभी राहायचे.

आपल्या गल्लीतली कापडवाल्याची सून तुम्हाला आठवते का? माझी वेणी घालायची ती. मी तेरा वर्षांची होते, लग्न ठरलेलं होतं. छातीत दुखतं म्हणून ती सासूबरोबर आली, सासू ओसरीच्या टोकाला बसली आणि तुम्ही मला आत पाठवलंत. माझ्या बोटांना सुपारीएवढी गाठ लागली. कडक, खाली चिकटून बसलेली, सरकत नव्हती. मी उठणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. "नानाला न्हाई सांगायचं. नुसतं दुखतं म्हण. गाठ म्हणलीस की सासू मला माहेरी धाडील, अन् हे दुसरी करतील. माझं लेकरू दोन वर्षांचं हाय गं." मी बाहेर आले. तुम्ही विचारलंत, "काय लागलं?" मी म्हटलं, "काही नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बराबर बघितलंस?" "बराबर बघितलं, नाना." तुम्ही मला दुसऱ्यांदा आत पाठवलं नाहीत. माझ्या बोटांवर तुमचा तेवढा विश्वास होता. तुम्ही लेप दिलात.

ती परत आली नाही. आणि तुमची रीत अशी होती की रोगी परत आला नाही म्हणजे त्याला गुण आला. वैद्याने कुणाच्या दारी जाऊन कसं आहे म्हणून विचारायचं नाही, ते अशुभ. आजूबाजूचे सगळे वैद्य तसंच करायचे. "बघ, आली न्हाई. लेप लागू पडला," असं तुम्ही त्या पावसाळ्यात दोन-तीनदा म्हणालात. त्यानंतर माझं लग्न झालं, आणि दोन वर्षांनी पिंपळगावला रेणुकामातेच्या दर्शनाला गेले होते तेव्हा तिची आई भेटली. लेकीला अखेरीस तिच्याकडेच पाठवलं होतं. "गेली गं ती. जखम शेवटी मी एकटीच धुवायची," एवढं सांगून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तुम्ही हयात होतात, नाना. मी त्याच आठवड्यात माहेरी आले होते. तुम्ही खलात काहीतरी कुटत होतात, मला बघून हसलात. मी बोलले नाही. त्यानंतर पाच वर्षं तुम्ही होतात, तरी नाही बोलले. तो लेप तुम्ही आणखी कितीजणींना दिला असेल, याचा हिशेब मी आजही करत असते. तुमच्याजवळ लेपाखेरीज काही नव्हतं हे मला कळतं. पण तुम्ही तिला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतंत. त्याआधी एक-दोघांना तुम्ही तिथे पाठवलं होतंत.

आता जाऊबाईंचं सांगते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेचं बाळंतपण आमच्या जालन्याच्या दवाखान्यात झालं. जाऊबाई सोबतीण म्हणून राहिल्या, खाटेशेजारी जमिनीवर पथारी टाकून. एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "धाकटे, जरा पाठ चोळ गं." मी चोळत होते. हात पाठीवरून काखेच्या बाजूला घसरला आणि बोटं थांबली.

"काय झालं? हात का थांबला?"

"जाऊबाई, हे कधीपासून आहे?"

"असंल दिवाळीपासून. दुखत न्हाई, खुपत न्हाई. तू चोळ गप." माझी बोटं तिथून हलेनात तशा त्या वळल्या. अंगावर साबण, केस मोकळे, आणि डोळे मोठे. "डाक्टरीणबाईला सांगशील तर माझी शपथ हाय तुला. नातवाच्या बारशाला मला कापाया घेतीस का? बारसं होऊ दे, सुगी होऊ दे. मंग बघू."

माझ्या मनगटावर कुणी हात ठेवला नव्हता, पण मला तिथे पकड जाणवली. मी पाठ चोळून पुरी केली, पाणी घातलं, आणि ओल्या पदरानेच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. त्या पुण्याकडच्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी ऐकून घेतलं. "तुम्ही शपथ मोडल्याचं त्यांना कळायला नको, म्हणजे त्या आपल्याशी बोलणं सोडणार नाहीत," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ पेन चावत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बायकांच्या वॉर्डात येऊन ठणकावून बोलल्या, "आजपासून नियम. बाळंतिणीबरोबर जी सोबतीण राहील तिचीही तपासणी होणार. त्याशिवाय वॉर्डात राहता येणार नाही." असा नियम कुठेच नव्हता. जाऊबाईंना संशय येऊ नये म्हणून आधी दुसऱ्या तिघींना पडद्याआड नेलं. जाऊबाईंची पाळी आली तशा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"नातू तिला झाला अन् तपासणी माझी? मी काय बाळंत झाले का?"

"नियम आहे, आजी."

"आजी तुझी आई! नियम कुणाचा? सरकारचा?"

"सरकारचा."

"मंग आधीच सांगायचं की," असं म्हणत त्या आत गेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. चेहरा उतरला होता, तरी माझीच समजूत घालत होत्या. "तू शपथ पाळलीस गं. पण तिच्या हाताला आपोआप घावलं, त्याला काय करणार? मोठी हुशार हाय डाक्टरीण."

आठ दिवसांत मनमाडला गाडी बदलून आम्ही इथे आलो. आपल्याकडे या रोगाचं नाव रोग्यासमोर घेत नाहीत. घरच्या पुरुषाला बाजूला नेऊन कुजबुजतात. इथले सर्जन स्टूल ओढून जाऊबाईंच्या समोर बसले आणि सरळ म्हणाले, "बाई, हा कॅन्सर आहे. लहान आहे. काढून टाकू, मग किरण देऊ. पण शंभर टक्के खात्री मी कुणालाच देत नाही." मोठे दीर चुळबुळ करून त्यांना बाहेर बोलवायला लागले, तर जाऊबाई म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, ह्यांच्याशी बोलू नका. गाठ माझी हाय, माझ्याशीच बोला." अशी वेळ तुमच्या ओसरीवर कधी आली नाही, नाना. पडद्याआडच्या बाईला तिच्या रोगाबद्दल तुम्ही एक शब्द सांगितला नाही, आणि मीही नाही.

घरी आल्यावर सहा महिन्यांनी एक कार्ड आलं. तब्येत कशी आहे, हात वर जातो का, नवीन काही त्रास आहे का, तपासायला कधी येता. जाऊबाई भडकल्या. "अजून जित्ती हाय का म्हून इचारू राह्यले मेले!" मी कार्ड घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "हेच तर संशोधन आहे. जी येत नाही तिचं काय झालं हे शोधून काढल्याशिवाय आपलं औषध खरं का खोटं ते कळायचं कसं?" मी कार्ड पुन्हा वाचलं. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही होतात, पावसाकडे बघत लेप लागू पडला म्हणणारे. तुम्ही आळशी नव्हतात, लोभी नव्हतात. विचारायचं असतं हेच तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारी एक होती, ती गप्प बसली.

शनिवारी दुपारी डॉक्टरीणबाई पोस्टाने आलेली मासिकं उघडतात आणि आम्हा नर्सांना समजावून सांगतात. किरण देणारी नवी जास्त ताकदीची यंत्रं निघालीत, ती कातडी कमी भाजतात. रक्ताच्या कॅन्सरवर गोळ्या निघाल्यात. अजून त्यांनी रोग जात नाही, पण अंथरुणाला खिळलेली पोरं उठून काही महिने अंगणात खेळतात. गर्भाशयाच्या तोंडावरून पुसून घेतलेला थेंब काचेवर पसरून रोग दिसायच्या आधी ओळखता येतो. मी हे ऐकते तेव्हा तुम्ही शेजारी मांडी घालून बसला आहात असं वाटतं. तुम्ही किती प्रश्न विचारले असतेत!

आणि तो खोटा नियम. तो मागे घ्यायला डॉक्टरीणबाई विसरल्या. बाकीच्या नर्सांना तो खोटा आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्या इमानाने प्रत्येक सोबतिणीला पडद्याआड पाठवत राहिल्या. पाच वर्षं झाली, अजून चालू आहे. बहुतेक गाठी साध्या निघतात. काही साध्या निघत नाहीत. मागच्या वर्षी अंतरवालीची एक बाई लेकीच्या बाळंतपणाला आली होती, तिची गाठ हरभऱ्याएवढी असतानाच सापडली. ती रडायला लागली तेव्हा मी जाऊबाईंना वाटूरहून बोलावून आणलं. त्यांनी पदर बाजूला करून आपला व्रण दाखवला. "बघ. एवढंच. मी आजबी कापूस येचते."

नाना, आत बोलावतायत.

हे उरलेलं परतीच्या गाडीत लिहितेय, खिडकीतून ऊन येतंय. डॉक्टरांनी फोटो मलाही दाखवला. छाती स्वच्छ आहे. त्यांनी जाऊबाईंना घरात काय काय आहे ते खोदून विचारलं, तेव्हा कळलं की झोपायच्या खोलीत या वर्षी छतापर्यंत कापूस भरलाय. खोकला त्या धुळीचा. "आता वर्षातून एकदा या," असं ऐकल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजी पास झाले?" डॉक्टर हसले. मी मात्र त्यांच्याच स्टुलावर बसून घेतलं.

गाडी सुटल्यावर जाऊबाईंनी पिशवी पायाखाली सरकवली. एकदम म्हणाल्या, "धाकटे, खरं सांग. तव्हा न्हाणीत मी शपथ घातल्ती. तू डाक्टरीणबाईला काही सांगितलं न्हवतंस ना?"

"न्हाई," मी म्हटलं.

"मला ठावं हाय. शपथेची पक्की हायेस तू." त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली, डोकं खिडकीला टेकलं आणि तोंड उघडं टाकून झोपल्या.

तुमच्याशी बोललेलं खोटं आज लिहून झालं, नाना. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून वहीतच राहील. जाऊबाईंशी बोललेलं मात्र मी दुरुस्त करणार नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगते, ते बोलताना मला हसू आवरत नव्हतं.