भाव ठीक आहेत

मेलवीदी, तंजावूर
१० ऑगस्ट १९९८

चि. सौ. कवितास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

नितीन सहा महिन्यांसाठी नागपूरला गेला, म्हणून आता तुलाच लिहिते. त्याला तमिळमध्ये लिहावं लागे, शाळेत तो तेच शिकला. सुनेला तरी मराठीत लिहिता येतं याचं बरं वाटतं. माझ्या वडिलांनी कान धरून बाळबोध गिरवून घेतली होती, ती अशी कामाला आली.

इकडची हकिगत काय सांगू? कोपऱ्यावरचा नटराज वाणी अगदी माणसातून उठला आहे. तूरडाळ पुन्हा तीन रुपयांनी चढवली. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणतो, अम्मा, दिल्लीला विचारा. मी म्हटलं, दिल्लीला विचारीन तेव्हा विचारीन, आधी पारड्यावरचा अंगठा काढ. तीस वर्षं झाली, तो अंगठा मी डाळीच्या भावानं विकत घेते आहे. चिंचेचं तर नाव काढू नकोस. आंबट वरणाला ती नुसती दाखवायची आणि परत बरणीत ठेवायची, अशी वेळ आली आहे. पेपरात येतं, देशाची दारं उघडली. उघडली असतील. आत काय आलं ते मला माहीत नाही, माझ्या डब्यातली डाळ मात्र त्याच दारानं बाहेर गेली. आता उपाशी मरायचं तेवढं राहिलं आहे.

बाकी क्षेम. लोभ असू द्या, तो अजून किलोवर विकत नाहीत.

तुझी सासू,
भागीरथी


पुणे, २१ ऑगस्ट १९९८

ती. गं. भा. आईंना,
कविताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. तुमच्यावर अशी वेळ आली आणि आम्हाला पत्ताही नाही, याची लाज वाटली. ह्यांना नागपूरला फोन केला, पण साइटवर आवाज नीट ऐकू येत नाही. आईंना खर्च झेपत नाही, एवढंच ओरडून सांगितलं. बघ काय करायचं ते, म्हणाले. म्हणून आजच पाचशे रुपयांची मनीऑर्डर केली आहे. दर महिन्याला करत जाईन. संकोच करू नये.

एक विनंती. त्या वाण्याशी वाद घालू नका. या वयात रक्तदाबाला ते बरं नव्हे. माणसं पैशासाठी कुठल्याही थराला जातात.

इकडे सर्व ठीक. आमची काळजी नसावी. कृपादृष्टी राहू द्यावी.

आपली,
कविता


तंजावूर, १२ सप्टेंबर १९९८

चि. सौ. कवितास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझे पाचशे रुपये ज्या पोस्टमननं आणले त्याला देवानं गळा दिला आहे नादस्वरासारखा. रस्त्याच्या टोकापासून ओरडत आला, भागीरथीअम्माला मुलानं पैसे पाठवले! शेजारची चंद्रमती ओट्यावर तांदूळ निवडत होती. संध्याकाळी ती तांब्याभर सार घेऊन आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. सार पाणचट होतं. मला नवऱ्याचं पेन्शन आहे, ओरत्तनाडूच्या शेतातलं भात येतं, आणि आता मेलवीदीत मी दयेचा विषय झाले आहे. पैसे परत पाठवले आहेत. मिळाल्याचं कळव.

नटराजाचं पुढचं ऐक. सांबाराचे छोटे कांदे पंचवीस रुपये! त्यात निम्मे सालीच. मी म्हटलं, साली वेगळ्या तोल आणि कांदे वेगळे तोल. तो म्हणाला, अम्मा, तुमच्यासाठी खास कांदा सोलायला माणूस ठेवतो. दुकानातली सगळी माणसं हसली. मीही मग त्याच्या बापाच्या काळची मापं काढली, कारण बापही तसलाच होता. अर्धा तास गेला. शेवटी आठ आणे कमी केलेन्, पण कढीलिंबाची काडी द्यायला विसरला म्हणून मी पुन्हा अर्ध्या वाटेतून परत गेले. असल्या चोरांत दिवस काढायचे म्हणजे जीव नकोसा होतो.

जुन्या बसस्टँडजवळ आता एक मोठं थंडगार दुकान निघालं आहे. आत जाताना पिशवी काढून घेतात, जशी काही आम्हीच चोर.

सर्वांवर माझी माया आहेच, पावती मागू नये.

भागीरथी


पुणे, २५ सप्टेंबर १९९८

ती. गं. भा. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पैसे परत आले. तुमचा स्वाभिमान मी समजू शकते. पण जीव नकोसा होतो असं तुम्ही लिहिल्यावर स्वस्थ कसं बसायचं? दिवाळीनंतर, वीस नोव्हेंबरचं तुमचं तिकीट काढून सोबत पाठवत आहे. माझा भाऊ न्यायला येईल. घराला कुलूप लावायचं आणि कायमचं इकडेच यायचं. बाल्कनीकडची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. तुम्ही आलात म्हणजे घरात बोलायलाही कुणी होईल.

तोवर नटराजच्या दुकानी जाऊ नका, माझी शपथ आहे. त्या नवीन दुकानातून घ्या. तिथे पाकिटावर किंमत छापलेली असते, भांडायला कुणी नसतं.

इकडे सर्व ठीक. आशीर्वाद असावेत.

आपली,
कविता


तंजावूर, २८ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. कवितास आशीर्वाद.

तिकीट मिळालं. तू शपथ घातलीस म्हणून तीन आठवडे नवीन दुकानातूनच आणते. पाकिटं स्वच्छ असतात. वजन बरोबर असतं. कांदा चाळीस आहे. भाव ठीक आहेत. दुकानात कुणी काही बोलत नाही.

भांडी चंद्रमतीला देऊन टाकीन म्हणते. तुम्ही म्हणाल तेव्हा निघेन.

भागीरथी


पुणे, ५ नोव्हेंबर १९९८

ती. गं. भा. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

हे काल पंधरा दिवसांच्या रजेवर आले. तुमचं पत्र मी मोठ्या आनंदानं वाचून दाखवलं, की बघा, आईंचा त्रास संपला. ह्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. 'भाव ठीक आहेत' वर आले आणि उठून उभेच राहिले. आईला काय झालंय, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, सगळं छान आहे. तर माझ्यावर ओरडले. चार वर्षांत पहिल्यांदा.

मग आधीची पत्रं वाचायला लावली, आणि त्या अंगठ्यापाशी पोट धरून हसले. म्हणाले, हे पत्र उत्तम आहे, आई ठणठणीत होती. ह्यांनी सांगितलं की तुमच्या मेलवीदीत कसं काय विचारलं तर माणूस चिंचेचा भाव सांगतो आणि वाण्याला शिव्या देतो, म्हणजे बरं चाललंय असं समजायचं. तुम्ही दुकानातून येऊन काही न बोलता पिशवी ठेवलीत असं ह्यांना एकदाच आठवतं. मामंजींना दवाखान्यात नेलं तो दिवस.

आई, मी तुमची पत्रं अर्जासारखी वाचली. आमच्याकडे पाहुण्यासमोर भाव काढणंसुद्धा वाईट दिसतं. माझं चुकलं. शपथ सुटली म्हणा. हे आज रात्रीच्या गाडीनं निघत आहेत.

इकडे सर्व ठीक.

आपली,
कविता


तंजावूर, १४ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. कवितास,
अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा नवरा दोन दिवसांची दाढी वाढवून बसमधून उतरला तो घरी यायच्या आधी नटराजाच्या दुकानी गेला, आई जिवंत आहे का विचारायला. नटराज म्हणाला, ते मीच तुम्हाला विचारणार होतो. मी येईनाशी झाल्यापासून तो बायकोला रोज सांगत होता म्हणे, की अम्मा एकतर आजारी आहे, नाहीतर माझं काहीतरी लागलं तिला. गिऱ्हाईकं आता मुकाट्यानं पैसे टाकून जातात, दुकानात बसवत नाही, म्हणाला. माझ्यासाठी अर्धा किलो छोटे कांदे दिलेन्, पैसे घेऊनच. मी ते घरच्या काट्यावर घातले. पन्नास ग्रॅम कमी!

तशीच नेसत्या लुगड्यानिशी गेले. अर्धा रस्ता ऐकायला जमला होता. तोही तोडीस तोड बोलला, सोडलं नाही. आणि मधेच, बोलता बोलता, मला रडू आलं. का ते विचारू नकोस. त्या थंड दुकानात महिनाभरात एक माणूस माझ्याशी बोललं नव्हतं. मला वाटू लागलं होतं, मी आधीच गेले आहे आणि कुणी सांगत नाही.

मी इथेच राहणार. नितीननं तिकीट रद्द केलं, त्यात रेल्वेनं साठ रुपये कापून घेतले. दिवसाढवळ्या दरोडा.

आता तुझं. तुझी तिन्ही पत्रं काल पुढ्यात घेऊन बसले. पुण्यात कांदा पन्नासच्या घरात गेल्याचं इथल्या पेपरात येतं, आणि तुझ्या पत्रांत एका भाजीवाल्याला साधी शिवी नाही. तीनदा लिहितेस, इकडे सर्व ठीक. नवरा नागपूरला. घरात बोलायला कुणी नाही, हे तूच लिहून गेलीस, आणि मी मेली माझ्याच कांद्यांत. मुली, काय होतंय तुला? कधीपासून?

नितीनला मी आजच परत धाडते आहे. पण त्याला नको, मला लिही. सगळं लिही.

भागीरथी