वजाबाकीत उरलेलं माणूस

सोमवार, ३ जून

होबार्टला पोचलो. सत्तावीस वर्षं मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत बातमीदारी केली. शेवटचं पत्र बंद पडलं तेव्हा माझ्याखेरीज कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. आता इथल्या मेंदूचित्रणाच्या प्रयोगशाळेत नोकरी: शास्त्रज्ञ जे करतात ते माणसांना कळेल असं लिहायचं. शास्त्रज्ञांनाही कळलं तर तो बोनस.

पहिल्या तासातच बारसं झालं. इथे दोन अक्षरांहून लांब नाव म्हणजे सार्वजनिक उपद्रव. पुरुषोत्तमाचा 'पुरो' झाला. पन्नाशीत 'आता पुरे'च्या इतकं जवळचं नाव मिळावं, हा संकेतच म्हणायचा. प्रमुख डॉ. फिलिपा क्रॅडॉक, म्हणजे पिप. चहात बिस्किट बुडवून विसरून जाणारी. यंत्र चालवणारा टेरेन्स, म्हणजे टेझा; हा काहीच विसरत नाही, विशेषतः बोलणं. दुपारी त्याने शिंपल्यांचं सारण भरलेला पाय खिलवला. चालायचा नव्हे, खायचा, भट्टीत भाजलेला.

भाड्याचं घर छोटं, पण उजेडाचं. पुढच्या खोलीची एक भिंत कोरी, पांढरी. इथे जूनमध्ये हिवाळा; डोंगरावर बर्फ पडलंय. शाल्मलीला फोन केला. लेक ब्रिस्बेनला नर्स आहे. आपलं म्हणावं असं मला ती एकच. म्हणाली, बावीसला, शनिवारी येते, तोवर घरात एखादी धड खुर्ची घ्या.

बुधवार, ५ जून

यंत्र म्हणजे अवाढव्य लोहचुंबक. त्याच्या बोगद्यात माणूस आडवा. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे जादा रक्त धावतं, ते यंत्राला दिसतं. पण मेंदू कधीच गप्प नसतो. म्हणून ही मंडळी वजाबाकी करतात. वीस सेकंद चेहरे दाखवायचे, मग वीस सेकंद रिकामा करडा पडदा, त्यावर एक फुली. या रिकामेपणाला ते 'विश्रांती' म्हणतात. चेहऱ्यांतून विश्रांती वजा केली की उरेल तो चेहऱ्याचा ठसा. जास्त उरलं तर तांबडा, कमी पडलं तर निळा.

मी टेझाला म्हटलं, आमच्या जुन्या तर्कशास्त्र्यांनी, नैयायिकांनी, अभाव हाही एक पदार्थ मानलाय, जपून. तो म्हणाला, विश्रांती म्हणजे शून्य, गड्या. आणि मला भूक लागलीय, तुझा तो पदार्थ जेवताना सांग.

त्यांना निरोगी माणसं कमी पडतायत. मी नाव दिलं. जवळच्या एका माणसाचे वीस फोटो लागतात; परक्यांचे त्यांच्याकडे आहेत. शाल्मलीचे दिले.

शुक्रवार, ७ जून

टेझाने दारातच झडती घेतली. अंगात खिळे-बिळे? दातात लोखंड? डोक्यात काही? नाही म्हटल्यावर, तेच वाटलं होतं, म्हणाला. उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची गोळी चिकटवली. चित्रात ती चमकते, म्हणजे डावं-उजवं चुकत नाही. ज्या कुळात चार पिढ्या मासा शिजला नाही, त्याच्या वंशजाच्या कपाळी हे!

आत नुसती धडधड. शाल्मली, शाल्मली, परके, फुली. पुन्हा शाल्मली. चाळीस मिनिटं डोकं हलवायचं नाही. फुलीच्या वेळी फार बरं वाटायचं. वीस सेकंद संपू नयेत असं वाटायचं.

मंगळवार, ११ जून

काल इंग्लंडच्या राजाच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी. आज निकाल. शाल्मलीच्या चेहऱ्यांना माझ्या मेंदूचा उजवा खालचा भाग, चेहरे ओळखणारा, गडद निळा. टेझाने विचारलं, "बाप आहेस की तिचा भाडेकरू?" सगळे हसले, मीही.

पिप हसली नाही. म्हणाली, बेरीज-वजाबाकीची चिन्हं उलटी पडली असणार, हे आमच्याकडे होतं. उद्या तपासते.

गुरुवार, १३ जून

चिन्हं बरोबर आहेत. परक्यांचे चेहरेही निळेच. मग पिपने वजाबाकी न करता मूळचा आलेख काढला. चेहरे दिसले की माझी रेघ थोडी वर चढते, सगळ्यांची चढते तशी. पण फुली आली की ती त्याहून कितीतरी वर जाते. चेहरे ओळखणारा भाग, आणि आपलं माणूस दिसल्यावर जागा होणारा भागही. दोन्ही. शाल्मलीत काही कमी नव्हतं. तिच्यातून जे वजा केलं तेच मोठं होतं.

टेझाने पडदा तपासला. करडा रंग, फुली, बाकी काही नाही. पिपने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "पुरो, रिकाम्या पडद्यावर तू कुणाला बघतोस?"

मी म्हटलं, फुलीला.

शनिवार, १५ जून

सकाळी शाल्मलीचा व्हिडिओ कॉल. आवाज तिचा. चेहऱ्याला क्षणभर वेळ लागला, जुन्या वर्गातल्या मुलीचं नाव आठवायला लागतो तसा. ती म्हणाली, बाबा, असे काय बघताय, चष्मा पुसा. पुसला. हसलो.

नंतर चहा घेत भिंतीसमोर बसलो. शर्टाची वरची गुंडी उघडी होती. ती लावून घेतली. कुणी आलं की लावतो तशी. का, ते लावल्यावर लक्षात आलं.

सोमवार, १७ जून

पुन्हा यंत्रात. या वेळी फोटो नाहीत. वीस मिनिटं नुसती विश्रांती. पिपने आलेख दाखवायचं टाळलं, मी हट्ट धरला. रेघ मिनिटामिनिटाला वर चढते आहे. असं कधी होतं, विचारलं. ती म्हणाली, चेहरा जवळ येत असतो तेव्हा.

टेझाने गोळी हळूच सोडवली, विनोद केला नाही. त्याचीच भीती वाटली. मज्जासंस्थेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, चोवीस तारखेची. तोवर रिकाम्याकडे बघू नकोस, असं पिपने बजावलं. रिकामं कुठे नसतं?

बुधवार, १९ जून

वीस फोटो टेबलावर मांडले. निळं जाकीट ओळखलं, समुद्र ओळखला. चेहरा आठांतच. दुपारनंतर तीनच फोटोंत.

लहानपणी संस्कृतची रूपं पाठ केली तसा चेहरा पाठ करायला बसलो. नाक सरळ. हनुवटीला खळी. भुवया दाट. दहा वेळा म्हटलं. अवयव पाठ झाले, अवयवी हाती लागत नाही. तुकडे जुळून कुणीच होत नाही.

भिंतीकडे पाठ करून बसलो होतो. तिथे नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. तरी ओळख आधीच पटलेली आहे. आईच्या पावलांची पटते तशी, वर न बघता.

गुरुवार, २० जून

भिंतीवर चादर टांगली. चादरही कोरीच —

फुलाफुलांचं काही घरात नाही. वर्तमानपत्रं चिकटवली. मधल्या पांढऱ्या पट्ट्यांतून —

माया वाटते. भीती नव्हे. हेच लिहून ठेवतो: मला तिथे माया वाटते, आणि फोटोंतल्या बाईबद्दल काहीच नाही.

शुक्रवार, २१ जून

शाल्मलीला फोन केला, येऊ नकोस म्हणून सांगितलं. आवाज तिचा होता, अजून. फोटो पालथे ठेवले की ती माझी असते. कारण सांगता आलं नाही. ती म्हणाली, "बाबा, मध्येच हळू आवाजात कुणाशी बोलताय? कोण आहे तिथे?"

मी बोलत नव्हतो.

तिकीट रद्द करणार नाही म्हणाली. पिपला कळवलं. उद्या दुपारी टेझासह येते म्हणाली —

शनिवार, २२ जून

अकरा वाजले. घंटा वाजली. काचेतून बघितलं. एक बाई. बॅग. हनुवटीला खळी — पाठ आहे. परकी बाई. दाराला कडी घातली. हात आपोआप गेला.

ती हाका मारते आहे. बाबा, मी आहे. रडते आहे. एका परकीला इतकं रडताना बघवत नाही, एवढंच वाटतं. एवढंच वाटतं, हे लिहिलेलं मी दोनदा वाचलं.

डोळे मिटून बघितलं. मिटले की आवाज उरतो. आवाज शाल्मलीचा. माझी लेक दारात आहे.

पण मिटले की रिकामंही होतं —

दार आठ पावलं. आवाज धरून जाईन. कडी काढेन. डोळे उघडायचे नाहीत. तिला धरेपर्यंत नाही. ओळी वाकड्या येतायत, मिटूनच लिहितोय.

बाबा. दाराकडून.

आलो, म्हटलं.

बाबा.

ही हाक दाराकडून नाही. आवाज तोच, अगदी तिचाच. इथून, वहीच्या —

बाहेरची दार बडवते आहे. आणि ही माझा हात —

तिचा हात उबदार आहे. लेकीचाच आहे. मी कुणाला उघडू आता, मी तिला —