अहवालाचं दुसरं पान

बिश्केक, १५ जून

प्रिय जिपारताई,

तू आणि मुलं बरी असाल. कझानलाही उकाडा सुरू झाला असेल.

टीनारच्या अहवालाचं दुसरं पान खरं आहे. आज सकाळी डॉक्टर नुरिला तेन्तीशेव्नांनी दोनदा वाचून तसं सांगितलं. फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी काहीतरी गोड बोलून मोकळी होते.

ऑपरेशननंतर आपल्या भावाच्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून मीच अल्माटीला नेला होता, जनुकांच्या तपासणीसाठी. अहवाल गेल्या मंगळवारी माझ्या फोनवर आला. डॉक्टर रजेवर होत्या. पहिल्या पानावर आयडीएच जनुकात बदल सापडल्याचं लिहिलं होतं. अशी गाठ सावकाश वाढते, एवढं मला ठाऊक होतं. मी तशीच कोचकोरला आईला फोन लावला आणि म्हणाले, "सुयुंचू!"

आपल्या रीतीने आधी चांगल्या बातमीचं बक्षीस मागितलं, मग बातमी दिली. आईने कानातले रुप्याचे डूल माझ्यासाठी काढून ठेवले, मेंढा कापला, गावभर सांगितलं. टीनार म्हणाला, "डोकं माझं आणि बक्षीस तुला? एक डूल मला दे." आणि किरणोपचार आता थंडीत बघू म्हणत दुसऱ्या दिवशी घोडे घेऊन वर सोन-कुलच्या कुरणावर निघून गेला.

दुसऱ्या पानावर आहे की पेशींची वाढ आवरणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती नाहीशा झाल्यात. डॉक्टर म्हणाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही शांत दिसली तरी आता ती चौथ्या, म्हणजे सर्वात वाईट श्रेणीची धरायची. उपचार लगेच हवेत.

ताई, ते पान मी मंगळवारी संध्याकाळीच उघडलं होतं. टीनार तेव्हा घरीच होता. मला नीट कळलं नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. मागितलेली सुयुंचू परत करायची आपल्यात रीतच नाही.

गुरुवारी सकाळी आठला त्याची किरणोपचाराची वेळ घेतली आहे. कुरणावर फोन लागत नाही, म्हणून उद्या मीच जाते. आधी आईला सांगा, असं डॉक्टर म्हणाल्या. मी आधी त्यालाच सांगणार आहे. चिडेल, कदाचित यायलाही नकार देईल. रेंजमध्ये आला की तुला फोन करेल. माझी बाजू घेऊ नकोस. त्याला फक्त खाली ये म्हण.

सहा दिवस गप्प राहिलेली,
तुझी बुरुल